पाठ केलेले वचन आणि दिलेले वचन

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलांची प्रभूच्या प्रार्थनेविषयी एक समजूत असते, आणि मोठेपणी ती आठवली म्हणजे हसू आल्यावाचून राहत नाही. प्रार्थनेच्या अखेरीस परीक्षेसंबंधी जी विनंती आहे ती शाळेच्या वार्षिक परीक्षेविषयीच असावी, असे निदान मी तरी मराठी चौथीपर्यंत धरून चाललो होतो. किंबहुना साऱ्या प्रार्थनेत माझ्या खऱ्या नडीला धरून असलेले तेवढे एकच वाक्य आहे असा माझा अभिप्राय होता, आणि परीक्षेचे दिवस जवळ आले की मी ते इतरांपेक्षा अंमळ मोठ्याने म्हणत असे. गणिताच्या पेपराच्या सकाळी मी आत्याच्या वचनपेटीतून चिठ्ठी ओढली आणि तीत एक्याण्णवाव्या स्तोत्रातील देवदूतांच्या राखणीचे वचन निघाले, तेव्हा आता उजळणी करण्याचे काही कारण उरले नाही असे मी घरात जाहीर करून टाकले. आत्या चुलीपुढून न वळता म्हणाली, "अरे, देवदूत तुला ठेच लागू देणार नाहीत, पण तुझी गणितं कोण सोडवणार?" पुढे या विषयावरील थोरथोर भाष्ये वाचण्याचा योग आला, आणि त्यांतील बराच भाग आत्याच्या त्या एका वाक्याचाच विस्तार आहे असे मला वाटत आले आहे.

माझी गफलत पोरकट खरी, पण ती निराधार नव्हती. मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या ठिकाणी 'पैरास्मोस' असा शब्द आहे, आणि त्या एका शब्दात कसोटी आणि भुरळ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सोने पारखणारा सराफ आणि सोन्याची लालूच दाखवणारा ठग या दोघांच्याही व्यवसायाला तो सारखाच लागू पडतो. मराठी भाषांतरकारांना हे दोन अर्थ एका शब्दात मावेनात, म्हणून त्यांनी त्यांची वाटणी करून कोठे 'परीक्षा' तर कोठे 'मोह' असे शब्द योजले. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात एकाच मूळ धातूसाठी अगदी लागोपाठच्या वचनांत हे दोन्ही शब्द आलेले आढळतात. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत या जागी 'ताळणी' असा शब्द रूढ आहे, आणि तो मराठी कानाला हिशेबातील ताळ्याची आठवण करून देतो. ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे असेही नाही. देव स्वतःच माणसाला मोहात नेतो की काय, असा भलता अर्थ निघू नये म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ साली प्रार्थनेतील हे वाक्य बदलले, आणि इटलीतील नव्या उपासनाग्रंथात २०२० सालापासून ते बदललेले आहे. दोन हजार वर्षे तोंडी बसलेल्या प्रार्थनेतील एका शब्दावर आजही दुरुस्तीचे हुकूम निघतात, यावरूनच विषयाची गाठ किती पक्की आहे हे ध्यानात यावे.

प्रस्तुत ग्रंथ मोहाचा प्रतिकार आणि देवाच्या वचनावरील भरवसा या दोन गोष्टींविषयी आहे, आणि यांपैकी दुसऱ्या गोष्टीच्या बाबतीत मात्र मराठी भाषा ग्रीकहूनही श्रीमंत ठरते. आपण शास्त्रातील एखाद्या ओळीला 'वचन' म्हणतो. मुले रविवारी ते पाठ करतात, उपदेशक त्यावर बोलतो, घराच्या भिंतीवर ते चौकटीत लटकते. पण 'वचन' म्हणजे दिलेला शब्दही. मुलीच्या लग्नात दिलेले, मरणाऱ्या बापाला दिलेले, जे मोडले तर माणूस माणसातून उठतो असे. पहिल्या अर्थाचे वचन कोणालाही पाठ करता येते. दुसऱ्या अर्थाच्या वचनाला देणारा लागतो, घेणारा लागतो, आणि त्या दोघांत काही नाते असावे लागते. या विषयाचा सगळा इतिहास, त्यातील पंथ, वाद आणि चुका यांसकट, वचनाच्या या दोन अर्थांमधल्या जागेत घडलेला आहे, असे माझे मत आहे. आणि वाचकाने पुढील पाने वाचताना हे माप हाती ठेवले तर त्याचा रस्ता चुकणार नाही असे मला वाटते.

आरंभ अर्थातच अरण्यात होतो. यरीहोच्या पश्चिमेस जेबेल कुरुंतुल नावाचा एक उघडा, करड्या कड्याचा डोंगर आहे. त्याच्या अर्ध्या उंचीवर कड्याला घट्ट चिकटलेला ग्रीक मठ दिसतो, आणि त्या डोंगराच्या नावातच चाळीस दिवसांचा 'चाळीस' दडलेला आहे. येशूची परीक्षा येथेच झाली ही परंपरा फार जुनी आहे, पण ती परंपराच. मार्काने हा प्रसंग दोन वचनांत उरकला आणि वनपशू व देवदूत यांपलीकडे काहीही सांगितले नाही. मत्तय आणि लूक यांनी तीन मोह सविस्तर दिले, परंतु त्यांचा क्रम निराळा लावला. मत्तयाच्या कथेची अखेर जगातील सर्व राज्ये दिसणाऱ्या डोंगरावर होते, तर लूकची अखेर यरुशलेमच्या मंदिराच्या शिरोभागी होते. कथा मंदिरात संपवण्यात लूकचा जो रोख आहे तो मला अधिक धारदार वाटतो, कारण मोहाची सर्वांत बिकट जागा बाजारपेठ नसून देवालय आहे, हे त्याने नुसत्या मांडणीने सुचवले आहे.

त्या मंदिराच्या शिखरावर काय घडते ते जरा जवळून पाहावे. भाकरीचा डाव फसल्यावर सैतान आपली भाषाच बदलतो आणि शास्त्र बोलू लागतो. माझ्या चिठ्ठीत निघालेले तेच एक्याण्णवावे स्तोत्र तो येशूच्या पुढे करतो. उतारा खरा आहे. पण तो मधोमध तोडलेला आहे. मूळ स्तोत्रात देवदूतांची राखण माणसाच्या 'सर्व मार्गांत' सांगितलेली आहे, आणि तेवढेच शब्द त्याने गाळले. कारण शिखरावरून उडी घेणे हा कोणाचाच मार्ग नव्हे, ही गोष्ट बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने या स्तोत्रावरील आपल्या प्रवचनमालिकेत मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिली. याशिवाय, स्तोत्राचे लगेच पुढचे वचन सर्प आणि अजगर यांना पायाखाली तुडवण्याविषयी आहे, आणि तेथवर जाण्याची सैतानाला साहजिकच इच्छा नव्हती. कचेरीच्या आवारात बसणारा एखादा मुरलेला मुखत्यार अडाणी कुळाला दस्तऐवजातील सोयीची एक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो आणि पान उलटण्यापूर्वी त्याचा अंगठा उठवून घेतो, त्या जातीची ही मखलाशी आहे.

येशूची तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच पुस्तकातील आहेत, तीही त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील. आणि येथे वरवर वाचणाऱ्याची अशी समजूत होते की दोघे शास्त्री समोरासमोर उभे राहून एकमेकांवर वचने फेकीत आहेत आणि ज्याचे पाठांतर अधिक तो जिंकला. प्रत्यक्षात ते अध्याय म्हणजे मोशेचे निरोपाचे बोलणे आहे. अरण्यातील चाळीस वर्षांची ती आठवण आहे. देवाने लोकांना उपास घडवला आणि मग मान्ना घालून जगवले, मस्सा येथे लोकांनी पाण्यासाठी देवाचीच परीक्षा पाहिली, हे सारे तेथे आहे. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस त्या चाळीस वर्षांच्या उपाशी लोकांची कहाणी आपलीच म्हणून सांगतो, आणि ज्याने त्यांना मरू दिले नाही त्याच्याकडे दगडाच्या भाकरी मागण्याचे नाकारतो. सैतानाच्या तोंडी वचन हा उतारा आहे. येशूच्या तोंडी तो पित्याने दिलेला शब्द आहे.

'उतारा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तलाठ्याकडून मिळतो तो सातबाराचा उतारा, पुस्तकातून काढून घेतो तो उतारा, आणि विषावर देतात तोही उताराच. आणि चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या पोन्तुसच्या इव्हाग्रियसने जो ग्रंथ रचला त्याला यांहून नेमके नाव मराठीत सुचणार नाही. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ 'उलट जबाब' असा आहे. मनात येणाऱ्या दुष्ट विचारांचे आठ वर्ग पाडून त्याने प्रत्येक विचारापुढे शास्त्रातील एक एक वचन मांडले. असे जवळजवळ पाचशे जबाब त्यात आहेत. मूळ ग्रीक ग्रंथ काळाच्या उदरात गेला, पण सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत तो टिकला. खादाडपणाचा मोह म्हणजे पक्वान्नांची आठवण असे आपल्याला वाटते. इव्हाग्रियस सांगतो की तो मोह पोटाचे, यकृताचे विकार होतील, लांबलेले आजारपण येईल आणि जवळपास वैद्यही मिळणार नाही, अशा काळजीच्या रूपाने येतो. आळसाविषयी तर त्याने जे लिहिले आहे त्याच्या तोडीचे निरीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही. भर माध्यान्ही सूर्य जागचा हलेनासा वाटतो, संन्यासी वरचेवर खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, शेजारचा कोणी बंधू दिसतो का म्हणून इकडेतिकडे बघतो, आणि मग ही जागा, हे काम, हे आयुष्यच त्याला नकोसे होते. यालाच मध्याह्नीचा पिशाच असे नाव पडले. ते नावही पुन्हा त्या एक्याण्णवाव्या स्तोत्रातलेच.

हा मनुष्य वाळवंटात आला कसा, हेही सांगण्यासारखे आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये विद्वान डीकन म्हणून त्याचा मोठा नावलौकिक झालेला असताना एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन बसले. पल्लादियसने लिहून ठेवले आहे की स्वप्नात आपल्याला बेड्या पडल्या असून एका मित्राच्या रूपात आलेला देवदूत शहर सोडण्याची शपथ मागत आहे असे त्याला दिसले, आणि त्याने शुभवर्तमानावर हात ठेवून ती दिली. जागा झाल्यावर त्याच्या बुद्धीला पळवाट काढणे काही कठीण नव्हते. स्वप्नातला करार कोणत्या अदालतीत टिकणार? त्याने विचार केला की स्वप्नात का होईना, शब्द दिला तो दिलाच, आणि गलबतात सामान चढवून तो यरुशलेमकडे निघाला. पाचशे उतारे गोळा करणाऱ्याच्या आयुष्याची कलाटणी अशी त्याने स्वतः दिलेल्या एका वचनावर झाली, ही गोष्ट त्याच्या ग्रंथाइतकीच बोलकी आहे.

इव्हाग्रियसची पुढची हकीगत थोडक्यात आटोपतो. ५५३ सालच्या धर्मसभेने त्याची काही मते पाखंड ठरवली, पण तोवर जॉन कॅसियनने त्याचे नाव न घेता त्याची शिकवण मार्सेयपर्यंत पोचवली होती. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आठांचे सात केले, आणि पश्चिमेकडील सप्त महापापांची यादी पुढे रूढ झाली ती या वाटेने. पूर्वेकडे सिनाय पर्वतावरील जॉन क्लिमाकसने सातव्या शतकात मोहाच्या पायऱ्या मोजल्या: आधी विचाराची चाहूल, मग त्याच्याशी संभाषण, मग संमती, मग बंदिवास. मराठी वाचकाला येथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची साखळी आणि आपले षड्रिपू आठवणे स्वाभाविक आहे, आणि मनाच्या निरीक्षणात दोन्हीकडचे साम्य विलक्षण आहे. फरक आहे तो उपायात. गीता त्या ठिकाणी इंद्रियांना आवरणाऱ्या स्थिर बुद्धीचा आधार देते, तर वाळवंटातील हे संन्यासी स्वतःच्या बुद्धीवर विसंबायला सहसा तयार नसत. त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी शब्द हवा असे.

हा अविश्वास ऑगस्टीनने तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला. ३८६ साली मिलानच्या बागेत एका मुलाचा आवाज ऐकून त्याने पौलाची पत्रे उघडली आणि जे वाक्य प्रथम दृष्टीस पडले ते आपल्याला आलेला निरोप मानला, हे सर्वांना ठाऊक आहे. याच ऑगस्टीनने पुढे एका पत्रात, ऐहिक व्यवहारातील प्रश्नांसाठी शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेण्याची वहिवाट आपल्याला पसंत नाही असे लिहिले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत यात मला विसंगती वाटत नाही. त्याचा खरा झगडा पेलागियसशी झाला. माणसाने निश्चय केला तर तो मोह टाळू शकतो, एवढे बळ देवाने त्याला दिलेच आहे, असे पेलागियस म्हणे. ऑगस्टीनचे म्हणणे असे की जी आज्ञा देव करतो ती पाळण्याचे सामर्थ्यही त्यानेच द्यावे लागते. हा वाद मिटलेला नाही, आणि प्रत्येक उपदेशकाच्या प्रवचनात यांपैकी कोण बोलतो आहे हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला चटकन ओळखता येते.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोलाने मात्र निराळाच धागा पकडला. शौर्याची आणि प्रेमाची स्वप्ने पाहिली की मन तेवढ्यापुरते खुलते आणि मागून कोरडे पडते. संतांच्या चरित्रांविषयी विचार केला की ती प्रसन्नता मागे रेंगाळते. या मागे उरणाऱ्या चवीवरून विचार कोठून आला हे ओळखण्याची त्याने नियमावली केली. त्याचा सर्वांत उपयुक्त नियम असा की साधकाला पडणारा मोह पवित्र वेषात येतो, म्हणून विचाराचे तोंड न पाहता त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट असा सारा ओघ पाहावा. त्याचे सोबती १५४२ साली गोव्यास उतरले, आणि त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. ख्रिस्ताच्या चरित्राला मराठी ओवीचा वेष प्रथम तेथे मिळाला.

लूथरकडे आलो म्हणजे रणाचा आवाज चढतो. वार्टबुर्गच्या किल्ल्यात त्याने सैतानावर दौत फेकून मारली ही आख्यायिका आहे. तिच्यापेक्षा त्याने १५३९ साली आपल्या जर्मन लेखनाच्या प्रस्तावनेत लिहिलेले मला मोलाचे वाटते. प्रार्थना, मनन आणि मोहाची कसोटी या तिहींनी धर्मशास्त्री घडतो, असे त्याने तेथे म्हटले आहे, आणि यातील तिसरे त्याने वगळले असते तर तो नुसता प्राध्यापक ठरला असता. त्याच्या दृष्टीने मोठा मोह देहसुखाचा नव्हेच. देव आपल्यावर रुष्ट आहे, त्याचा शब्द इतरांसाठी असेल पण माझ्यासाठी नाही, ही शंका हाच मोठा मोह.

जॉन बन्यनच्या आयुष्यात ही शंका देहधारी झालेली दिसते, आणि या ठिकाणी मी वाचकाला थोडा वेळ थांबवणार आहे. १६६६ सालच्या आपल्या आत्मवृत्तात हा बेडफर्डचा कल्हईवाला सांगतो की 'ख्रिस्ताला विकून टाक' असा एक आवाज दिवसरात्र त्याच्या कानाशी घोळत राहिला, आणि एके सकाळी थकून त्याच्या मनात आले की जायचे तर जाऊ दे. त्या क्षणापासून एसावाने जन्मसिद्ध हक्क विकल्यावर त्याला पश्चात्तापाला जागा उरली नाही, हे इब्री लोकांस पत्रातील वचन त्याच्या मानगुटीस बसले. लक्षात घ्यावे की छळणारे सैतानाचे वाक्य नव्हते, शास्त्राचेच वचन होते. दुसऱ्या बाजूने करिंथकरांस पत्रातील कृपेच्या पुरेपणाचे वचन येई. दोन वचने तराजूच्या दोन पारड्यांसारखी वर खाली होत, आणि पुढे एकदा ती दोन्ही एकाच वेळी मनात येऊन भिडली, तेव्हा एसावाचे वचन फिके पडत गेले आणि कृपेचे उरले. पाठांतराने हा प्रश्न सुटला नसता. दोन्ही वचने त्याला सारखीच पाठ होती. पुढे 'यात्रेकरू'च्या १६७८ सालच्या रूपककथेत संशयगडाच्या तळघरात कोंडलेल्या यात्रेकरूला आपल्या छातीशीच एक किल्ली असल्याचे आठवते, आणि त्या किल्लीचे नाव अभिवचन. हरि केशवजी यांनी या पुस्तकाचा 'यात्रिकक्रमण' हा तर्जुमा १८४१ साली केला, म्हणजे ती किल्ली मराठीत येऊनही आता पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. बन्यनचा समकालीन जॉन ओवेन याचा मोहावरील १६५८ सालचा प्रबंध याहून कितीतरी शिस्तशीर आहे. तो वाचावा, पण बन्यननंतर वाचावा.

आत्याच्या वचनपेटीचे कुळ या काळाच्या थोडे पुढचे आहे. जर्मनीतील भक्तिपंथीयांत बोगात्स्की याने १७१८ साली वचनांचा 'खजिना' छापला, आणि हेर्नहुटच्या मोराव्हियन बांधवांनी चिठ्ठ्या टाकून दररोजचे वचन काढण्याची प्रथा पाडली. त्या दैनिक वचनांचे पुस्तक १७३१ पासून दरसाल निघत आले आहे. या प्रथेने असंख्य एकाकी माणसांना धीर दिला, हे मी स्वतः पाहिलेले आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस मला बसायचे नाही. तरी पेटी उघडून सगळ्या चिठ्ठ्या एकदा ओळीने मांडून पाहाव्यात. तीत आश्वासने सारी आहेत. आज्ञा जवळजवळ नाहीत, शाप एकही नाही, ईयोबाचे आक्रोश नाहीत, आणि प्रत्येक चिठ्ठी दोन ओळींवर तोडलेली आहे. शिखरावर उभ्या असलेल्या त्या पाठकाची पद्धत आणि आपली पद्धत यांत कात्रीपुरता तरी भेद उरला आहे का, असे मनात येते.

मिल्टनने १६७१ साली नंदनवन परत मिळाल्याची जागा क्रूसाऐवजी हे अरण्यच मानले, आणि दोस्तोयेव्हस्कीने आपल्या अखेरच्या कादंबरीतील महान्यायाधीशाच्या तोंडून, माणसांना स्वातंत्र्य नको, भाकर हवी, म्हणून ख्रिस्ताने तिन्ही मोह नाकारण्यात चूक केली असा आरोप ठेवला. या दोन्ही कृती थोर असल्या तरी त्यांवर इतके लिहिले गेले आहे की मी येथे भर घालीत नाही. डीट्रिख बोनहॉफर यांनी, फिंकेनवाल्डे येथील त्यांचे विद्यालय गेस्टापोने १९३७ साली बंद पाडले त्या सुमारास, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपुढे मोह या विषयावर चिंतने सादर केली. मोहाच्या घटकेला माणसाचे सारे बळ काढून घेतले जाते आणि त्याच्याजवळ देवाच्या शब्दाखेरीज काही उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४५ च्या एप्रिलात फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

आता आपल्या घरचे पाहू. मराठीत 'प्रलोभन' आणि 'आमिष' हे शब्द ख्रिस्ती माणसाने सैतानाविषयी जितके वापरले असतील, त्याहून अधिक ते त्याच्याविषयी वापरले गेले आहेत. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनने अन्न दिले, दुष्काळाने पोरक्या झालेल्या शेकडो मुली पंडिता रमाबाईंनी केडगावी आणल्या, आणि 'भाकरीसाठी बाटले' हा ठपका त्या पिढीच्या वंशजांना अजूनही ऐकावा लागतो. मागे वळून पाहता या आरोपाला सरसकट नाकारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही आणि तो मान्य करणेही तितकेच खोटे ठरेल. जात, मिळकत आणि आईबापांचा उंबरठा सोडून आलेले बाबा पदमनजी किंवा नारायण वामन टिळक यांना कोणते आमिष होते हे आरोप करणाऱ्यांनी सांगावे. पण दगडांच्या भाकरी करण्याचा पहिला मोह भुकेल्याइतकाच अन्न वाटणाऱ्यालाही असतो, ही गोष्ट आमच्या लेखकांनी फारशी लिहिलेली नाही. या संग्रहात ती प्रथमच नीट मांडलेली सापडेल. रमाबाईंनी मात्र मुलींना अन्न दिले आणि आपल्या उत्तरायुष्याची वर्षे त्यांच्यासारख्या साध्या बायांना वाचता येईल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र उतरवण्यात घालवली. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम हातावेगळे केले. त्यांनी निवडक वचनांची पेटी केली नाही, सगळे पुस्तक दिले, यात मला त्यांचा या विषयावरील अभिप्रायच दिसतो.

आज या ग्रंथाची निकड का भासावी? एक तर वचनपेटी आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. पहाटे मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले वचन येते, आणि ते पुढे चार गटांत पाठवून झाले की त्याचा हिशेब मिटतो. दुसरे, देवाला दशांश द्या आणि दुप्पट घ्या असे सांगणारे, आजाऱ्याला औषध सोडायला लावणारे उपदेशक भर सभेत वचनेच म्हणतात, आणि त्यांनी म्हटलेला प्रत्येक उतारा शास्त्रात सापडतो; श्रोत्याला उडी मारायला सांगणाऱ्या या मंडळींपुढे नुसते वचन पाठ असलेला माणूस निःशस्त्र असतो. आणि तिसरे, जे मला सर्वांत जिव्हारी लागते, ते 'परीक्षा' आणि 'मोह' या आपल्या वाटणीतून उद्भवले आहे. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईने पाळकाकडे जावे आणि त्याने ही देवाने घेतलेली परीक्षा आहे, टिकून राहा, असे सांगून तिला परत पाठवावे, असे प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडले आहेत. नवऱ्याचे पाप देवाच्या नावे खतवण्याचा हा व्यवहार याकोबाच्या त्याच अध्यायाने साफ निषिद्ध ठरवलेला आहे, पण तेथवर वाचण्याची तसदी कोण घेतो.

हा संग्रह या सगळ्या रोगांवर औषध असल्याचा दावा करीत नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही प्रवाहांतील निवडक लेखनाचे मराठी अनुवाद आणि त्यांच्या जोडीला मराठी लेखकांचे स्वतंत्र निबंध असे त्याचे स्वरूप आहे. लेखकांचे परस्परांशी मतभेद आहेत. इच्छास्वातंत्र्याविषयी तर दोन निबंध एकमेकांना सरळ खोडून काढतात, आणि संपादकांनी त्यांची रुजवात घालण्याचा खटाटोप केला नाही हे योग्यच केले. व्यसनासंबंधीच्या भागात वैद्यकाचा विचार तोकडा पडला आहे असे मला वाटते, आणि मी ते संपादकांना कळवलेही. ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे त्याला मोह आवर एवढेच सांगणे म्हणजे तापाच्या रोग्याला थंड हो म्हणण्यासारखे आहे. कोकणीतील आणि वसईच्या बोलीतील लेखन आणखी असते तर बरे झाले असते. परंतु मराठीत या विषयाचा असा चौफेर धांडोळा घेणारे पुस्तक माझ्या पाहण्यात यापूर्वी आलेले नाही.

छपाईसंबंधी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ग्रंथात जेथे जेथे शास्त्रातील उतारा आला आहे तेथे तेथे त्याच्या आधीचे आणि त्याच्या पुढचे वचनही बारीक टाइपात तळाशी द्यावे, असा आग्रह संपादकांनी धरला. त्यामुळे पुस्तक साठेक पानांनी वाढले, किंमत चढली, आणि मुद्रकाने, तळाचा मजकूर कोण वाचणार साहेब, म्हणून पुष्कळ कुरकुर केली. एक्याण्णवाव्या स्तोत्राचा उतारा पुस्तकात सात ठिकाणी आला आहे, आणि सातही ठिकाणी सर्प व अजगर तळाशी आहेत.